अमेरिकेबद्दल सोजरबाईचं मत

"तुले काय समजते वं?"

हे वाक्य सोजरबाईने लग्नानंतर आठव्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. तुरीवर फवारणी कधी करावी, पोराला कुठल्या शाळेत घालावं, पाहुण्यांना जेवायला थांबवावं की चहावरच बोळवावं, काहीही असो. रामराव तिचा शब्द अर्धाच बाहेर येऊ द्यायचे आणि उरलेल्या जागेत हे वाक्य बसवायचे. सोजरबाई गप्प बसायची. गप्प बसणारी बाई विसरते असं ज्याला वाटतं, त्याने या घरात चार दिवस राहून बघावं. तिला सगळं आठवत होतं, अगदी वारासकट.

आणि गेली दोन वर्षं रामरावांना अमेरिकेचं वेड लागलं होतं. गाव मेडशी फाट्यावरून आत, दिवसाला एसटीच्या दोन फेऱ्या, त्यातली एक हमखास बंद. पण रामरावांचा मोबाईल एकदा सुरू झाला की अंगणात वॉशिंग्टन उतरायचं. सकाळी ते भागवतच्या हॉटेलात जाऊन बसत आणि दोन तास अमेरिका चालवत. कोणत्या राज्यात कोण पुढे, चीनचं काय करायचं, रशियाला कसं दाबायचं, आणि आपल्या सोयाबीनचा भाव तिकडचा अध्यक्ष कसा ठरवतो. माणसं ऐकायचीही, कारण चहा रामरावांच्या नावावर असायचा.

या वर्षी तिकडे एक बाई उभी होती. रामरावांच्या जिभेला धार आली.

"बाईमानूस जगाचं बटन दाबन?" ते भरल्या हॉटेलात म्हणाले. "अरे, कुकरच्या शिट्ट्या किती घ्या, हे बी त्याईले नवऱ्याले इचारा लागते! आमच्या घरी पाच वर्षं सरपंच होती ना. इचारा गावाले, राज कोनं केलं!"

हॉटेल खदखदून हसलं. समोरच्या चक्कीवर सोजरबाई दळणाचा डबा घेऊन उभी होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला, पीठ घेतलं आणि घरी आली. त्या दिवशी भाकरी थापताना तिने परातीवर असे हात आपटले की सुनेने, मंजूने, दोनदा वळून पाहिलं.

कारण गावाने हसण्यासारखी ती गोष्ट नव्हती. दहा वर्षांपूर्वी सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा रामरावांनी तिला उभं केलं. ती निवडून आली आणि त्याच संध्याकाळी हार त्यांनी घातले. पाच वर्षं तिच्या खुर्चीत ते बसले. लोक त्यांना तोंडावर सरपंच म्हणायचे, पाठीमागे सरपंचपती. तिच्याकडे फक्त कागद यायचे. "सई कर" म्हटलं की ती सही करायची. त्यांनीच तिला सही शिकवली होती, तीसुद्धा निवडणुकीच्या आधल्या आठवड्यात, आणि वाचायला शिकवण्याची तसदी मात्र घेतली नव्हती.

असाच एक कागद एका दुपारी आला. हाताला कणीक होती. तिने हात पुसून सही केली. महिन्याभराने कळलं की गावालगतच्या बंजाऱ्यांच्या तांड्यासाठी मंजूर झालेली बोअर तांड्यात झालीच नाही, ती रामरावांच्या संत्र्याच्या बागेत झाली. अडीच इंच पाणी लागलं. तांड्यातल्या बाया मात्र दीड किलोमीटरवरच्या नाल्याकाठच्या विहिरीवरच जात राहिल्या. त्यांतली एक, रूपलाची बायको सकरीबाई, तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. विहिरीच्या पायरीवरून ती घसरली आणि तिचं लेकरू गेलं. दवाखान्यातून आल्यावर ती थेट सोजरबाईच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुह्या सईनं गेलं माहं लेकरू."

सोजरबाईने रामरावांना विचारलं, असं कसं केलं तुमी? ते जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुले काय समजते वं?"

त्या दिवसापासून सोजरबाई वाचायला शिकू लागली. आधी पोराच्या जुन्या पुस्तकावर एकटीच, पुढे मंजू सून म्हणून आली तेव्हा तिच्याकडून. तीन वर्षं लागली. मग एका दुपारी तिने रामरावांची पत्र्याची पेटी उघडली, त्या ठरावाची नक्कल शोधली आणि बोट ठेवून ठेवून सगळी वाचली. कागद तिने कोठीखाली दडवला. त्याचं काय करायचं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. पण धनी भुईवर एकदा तरी नाक घासेल, गावादेखत घासेल, एवढं तिने स्वतःला कबूल केलं होतं.

आणि आता पुन्हा सरपंचपद बाईला सुटणार होतं. रामरावांनी नाव ठरवलं होतं, मंजूचं. मंजूला विचारलं नव्हतं. घरात फक्त एवढंच जाहीर झालं, "कागदं तयार करून आनतो, सुनबाईची सई लागन." मंजू बारावी शिकलेली पोरगी, पण सासऱ्यापुढे तिचा आवाज फुटत नसे. सोजरबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तिला आपल्याच हाताची कणीक दिसली.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी आटोपली आणि गावात यूसरा आली. कारंज्याची पोरगी, बी.ए. झालेली, स्कुटीवर, पाठीला पिशवी आणि पिशवीत टॅब. कुठलीशी मोठी संस्था जगभरच्या लोकांना विचारत होती की अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल तुमचं काय मत आहे. वाशीम जिल्ह्यातली काही गावं त्यांच्या यादीत होती, आणि देवळापासून मोजत मोजत आलेलं दर नववं घर. रामरावांचं घर नववं निघालं.

रामरावांना त्या रात्री झोप लागली नाही. अमेरिका त्यांना विचारणार होती! सकाळी त्यांनी जाकीट चढवलं, मिशीला कंगवा फिरवला आणि सगळं हॉटेल अंगणात बोलावलं. भागवतने चहाची किटलीच उचलून आणली. तीस-चाळीस माणूस जमलं. तांड्यातल्या पाच बाया त्या दिवशी अंगणाच्या कडेला सोयाबीन चाळायच्या मजुरीवर होत्या, त्यात सकरीबाईही होती. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. मजुरी करणाऱ्याकडे कोण पाहतं!

यूसरा खुर्चीवर बसली. रामराव समोरच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले.

"इचारा," ते म्हणाले. "मी बाईच्या पक्का इरोधात हावो, ते पयले लिहून घ्या."

"थांबा काका," यूसरा म्हणाली. "आधी घरातली मोठी माणसं किती, ते सांगा. अठरा वर्षांच्या वरची."

"चार. मी, मालकीन, पोरगा गनेश अन् सून."

"आता सगळ्यांच्या जन्मतारखा. आधार कार्डावरच्या."

"कायले?"

"ज्याचा वाढदिवस आजपासून सगळ्यात आधी येतो, त्यालाच प्रश्न विचारायचे असतात. आमचा नियमच आहे तसा. नाहीतर प्रत्येक घरात एकच माणूस बोलतो."

अंगणात कोणीतरी खोकलं. रामराव मोकळेपणाने हसले. नियम त्यांच्याच बाजूने असणार याबद्दल त्यांना आजवर कधी शंका आली नव्हती.

आता आपल्याकडच्या जन्मतारखांची गंमत काय सांगावी. रामरावांना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी एक जून टाकली. गणेशच्या वेळी दुसरे गुरुजी होते, त्यांनी एक जुलै टाकली. निम्मं गाव याच दोन दिवशी जन्मलं आहे. मंजू अकोल्याच्या दवाखान्यात जन्मली, तिची तारीख खरी, एकोणीस मार्च.

"आणि काकूंची?"

रामराव अडखळले. त्यांना ती माहीतच नव्हती. मंजूने आतून आधार कार्ड आणून यूसराच्या हातात दिलं.

"एक जानेवारी," यूसराने वाचलं. "मग काकूच. काकू, या इथे बसा."

ही तारीख कुठून आली ते सोजरबाईला लख्ख आठवत होतं. आधारच्या शिबिरात मशीनवरच्या माणसाने विचारलं होतं, बाईंची जन्मतारीख? ती शाळेत गेली नव्हती, दाखला नव्हता. तिला आईने सांगितलेलं आठवत होतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस म्हणून. ती ते सांगायला लागली तर रामरावांनी हात झटकला. "लिहा काई बी. बाईमानसाले कायची आली जन्मतारीख!" त्या माणसाने वर्ष अंदाजे टाकलं आणि पुढे एक जानेवारी. आज ऑक्टोबर होता. पुढे येणारी पहिली तारीख तीच.

"अवो बाई, तिले काय समजते!" रामराव म्हणाले. "असं करा, मी सांगतो, तुमी तिच्या नावानं लिहा. आमच्यात असंच असते."

"तसं नाही चालत काका. आवाज रेकॉर्ड होतो."

"मंग मी बाजूले बसतो. अडली तर सांगन."

"तेही नाही. मुलाखत एकटीची असते. तुम्ही मधे बोललात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

सोजरबाई चुलीजवळून उठली. पदर नीट केला. अंगणात तीस-चाळीस माणसं उभी होती, सगळी या माणसाने स्वतः बोलावलेली, स्वतःच्या पैशाने चहा पाजून. याहून चांगली सभा तिला कोणी भरवून दिली नसती. तिच्या छातीत काहीतरी आनंदाने धडधडायला लागलं, आणि तो आनंद चांगला नव्हता हे तिला कळत होतं. तिने तो तसाच राहू दिला.

"आपुन आत बसू पोरी," ती म्हणाली. "हे बसतीन भायेर."

आतल्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. यूसरा ती लावायला उठली. "राहू दे," सोजरबाई म्हणाली, "मले उबारा होते." आणि बसता बसता तिने कोठीखाली हात घातला.

पहिला प्रश्न आला. अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल तुम्ही किती ऐकलं आहे? खूप, थोडं, काहीच नाही?

"खूप," सोजरबाई म्हणाली, अंगणाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. "दोन वर्षं झाले, दुसरं काई ऐकूच येऊन नाई राह्यलं."

बाहेर पहिलं हसू फुटलं.

"एका स्त्रीने अमेरिकेचं अध्यक्षपद सांभाळणं तुम्हाला योग्य वाटतं का?"

"मले एक सांग. तिच्या सह्या कोन करते?"

"तीच करेल ना काकू."

"कागद कोन वाचते?"

"तीच."

"अन् खुर्चीत कोन बसते? तिचा नवरा?"

"नाही हो. तीच."

"मंग योग्य हाये. लिही. नवरा बसत असन तर अयोग्य लिही."

या वेळी अंगण मोठ्याने हसलं. "अवं, नीट सांग!" रामराव खिडकीकडे धावले. यूसरा शांतपणे म्हणाली, "काका मधे बोलले. काकू, पहिल्यापासून घ्यावं लागेल." आणि तिने सगळं पहिल्यापासून घेतलं. सोजरबाईने तीच उत्तरं दुसऱ्यांदा दिली, अधिक सावकाश. तीस-चाळीस माणसं दुसऱ्यांदा हसली. रामराव मग बोलले नाहीत.

बरेच प्रश्न झाले. शेवटी यूसरा म्हणाली, "आता तुमच्या शब्दांत सांगा. अमेरिकेचा बाकीच्या जगावर जो प्रभाव आहे, म्हणजे तिचं जे चालतं, ते चांगलं की वाईट?"

सोजरबाई खिडकीकडे सरकली. इतकी वर्षं तिने याच जागेसाठी शब्द साठवले होते.

"मी काई अमेरिका पाह्यली नाई," ती म्हणाली. "पन आमचे हे रोज सांगतेत ते ऐकते. कोनत्या देशानं काय करा, कोनासंग भांडा, हे म्हने अमेरिकाच ठरवते. अन् वरून सांगते, तुमच्याच भल्यासाठी हाये. मले ते ऐकून नवल नाई वाटत. अमेरिका म्हंजे जगाचा सरपंचपती हाये. खुर्ची दुसऱ्याची, सई दुसऱ्याची, अन् राज याचं. बोअर तांड्याच्या नावावर, अन् पानी याच्या संत्र्याले."

अंगणातलं हसू या वेळी आलंच नाही. चाळणीचा आवाजही थांबला होता.

"काकू, बोअरचं मी काय लिहू?"

"सगळं लिही. हा घे कागद." तिने नक्कल उलगडली आणि बोट ठेवून वाचायला लागली, अडखळत, पण एकही शब्द न सोडता. ठरावाचा क्रमांक. तारीख. तांड्यातील पाणीटंचाई पाहता मंजूर बोअर. पुढे, तांड्यात जागा उपलब्ध नसल्याने सदर बोअर गट नंबर एकशे चौदामध्ये घेण्यात यावी. गट नंबर एकशे चौदा कोणाचा, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "खाली सई हाये. सोजरबाई रामराव. माही सई. मले वाचता येत नोतं, अन् यायले ते माईत होतं. सकरे, ऐकून राह्यली ना? तुहं लेकरू माह्या सईनं गेलं, हे खरं हाये. पन सई करवून घेनारा भायेर बसला हाये जाकीट घालून. त्याले बी पाह्य एकदा."

सकरीबाई उठून उभी राहिली. तिने खरोखरच पाहिलं. मग तिच्यासोबतच्या चौघींनी, मग भागवतने, मग ज्यांनी ज्यांनी आजवर त्यांचा चहा प्यायला होता त्या सगळ्यांनी. रामरावांनी जाकिटाचं बटण उघडलं आणि पुन्हा लावलं. चाळीस जणांत त्यांना एक चेहरा असा मिळाला नाही की ज्याच्याकडे पाहून हसता येईल.

यूसराने विचारलं, "काकू, थांबवू?"

"थांबव आता," सोजरबाई म्हणाली. "झालं माहं मत."

ती बाहेर आली. दाराजवळच्या खिळ्यावर बागेतल्या मोटरघराची किल्ली होती, ती तिने काढली. "सकरे, हंडे आनायला सांग तांड्यात."

"एवढी चालवली तं मोटर जयन माही, धूर निंघन!" रामराव ओरडले.

"जयली तं जयली," ती म्हणाली. "इतके दिवस आमी जयलो."

तिला अडवायला ते दोन पावलं पुढे आले. पण यूसरा अजून टॅब हातात घेऊन उभी होती, आणि रेकॉर्डिंग थांबलं की नाही हे रामरावांना कुठं माहीत होतं? ते जागीच थांबले. त्यांच्या समोरून त्यांची बायको त्यांच्याच बागेत गेली, आणि तिच्या मागे पाच बाया.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटरघराचं कुलूप बदललं. तिसऱ्या दिवशी रूपला भागवतच्या हॉटेलात आला, चहा न घेता म्हणाला, "तांड्यात दोनशे मतं हायेत भाऊ. पानी असन तं मतं," आणि निघून गेला. तांड्याशिवाय त्या गावात कोणी सरपंच झालेला नाही. रामरावांनी नवं कुलूप पुन्हा उघडलं, पण कोणाला दिसणार नाही अशा बेताने.

सहा नोव्हेंबरला दुपारी अमेरिकेचा निकाल कळला. रामराव पेढ्यांचा पुडा आणि कागदांचं भेंडोळं घेऊन घरी आले. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"पडली!" ते दारातूनच म्हणाले. "पडली बाई तुही! म्हनत नोतो मी?"

सोजरबाईने पुड्यातून एक पेढा उचलला, तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

"ते आपल्या तोंडानं हारली," ती म्हणाली. "सरपंचकीले मी तुमच्या तोंडानं जितली होती. कोनाचं बरं, ते तुमीच सांगा."

रामरावांनी ते न ऐकल्यासारखं केलं. भेंडोळं मंजूपुढे ठेवलं. उमेदवारीचे कागद होते, वर पेन होता आणि खाली चार कोरे कागद. "सुनबाई, सई करा इथी इथी."

मंजूने पदर सावरला, पेन बाजूला ठेवला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. मोठ्याने. दारात सकरीबाई येऊन उभी होती, तिच्या मागे तांड्यातल्या आणखी बाया. त्या आज हंडे घेऊन आल्या नव्हत्या. रामराव एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे राहिले. पाऊण तासाने मंजू कोऱ्या कागदांपर्यंत पोचली. ते तिने फाडले, शांतपणे, आडवे आणि मग उभे.

"मामाजी, मी उभी राहतो," ती म्हणाली.  "पन पयले बोअर ग्रामपंचायतीले लिहून द्या. मोटरसकट. नाई तं मी सई करत नाई, अन् आत्याबाई तांड्यातून दुसऱ्या बाईले उभी करतेत. त्याईचं तसं बोलनं झालं हाये."

रामरावांनी दाराकडे पाहिलं. बायांकडे पाहिलं. बोअर दिली तर बाग सुकते, न दिली तर गाव जातं.  हॉटेलात चीन आणि रशियाचा निकाल लावणारा हा माणूस स्वतःच्या ओसरीवर उभा राहिला आणि त्याला काही सुचेना. शेवटी ते बायकोकडे वळले. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा वळले.

"तूच सांग आता," ते हळूच म्हणाले. "काय करू मी?"

सोजरबाईने पुड्यातला दुसरा पेढा उचलला. तो तिने सकरीबाईच्या हातावर ठेवला.

"मले काय समजते?" ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.